पाऊस ओसरल्यावर लावायचे फुलांचे कंद : गोव्यातील परसबागेसाठी निवड आणि लागवड

गोव्यात चवथीनंतर पावसाचा जोर ओसरू लागतो, दसऱ्याच्या सुमारास जमीन वाफशावर येते आणि दिवाळीपर्यंत परसातले माजलेले रान कापून झालेले असते. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यापासून नोव्हेंबरच्या अखेरपर्यंतचे हे सहा-सात आठवडे फुलांचे कंद लावायला फार चांगले, कारण जमिनीत ओल असते पण पाणी साचत नाही, ऊन भरपूर मिळते आणि पुढचे पाच-सहा महिने मोठ्या पावसाची धास्ती नसते. अडचण एवढीच, की नेमक्या याच दिवसांत बाजारात आणि ऑनलाइन दुकानांत जे कंद विकायला येतात, त्यांतले बरेचसे आपल्या हवेचे नसतात.

हे मी अनुभवाने सांगते. काही वर्षांपूर्वी मी फोंडा तालुक्यातील आमच्या घरी वीस ट्युलिपचे कंद मागवून लावले होते. कंद निरोगी होते, वाफाही मन लावून केला होता. तीन आठवड्यांत करड्या-हिरव्या पानांची टोके वर आली, वीतभर वाढली आणि तिथेच थांबली. नाताळच्या सुमारास पाने पिवळी पडली. एक कंद उकरून उभा चिरला, तेव्हा बाहेरचे पापुद्रे मऊ पडून त्यांना आंबूस वास येत होता, आणि मधोमध, बोटाच्या पेराएवढ्या दांड्यावर, पूर्ण आकार आलेली पण वाळून कागदासारखी झालेली फुलाची कळी होती. फूल तयार होते, दांडा वाढलाच नव्हता.

त्याचे कारण नंतर समजले. ट्युलिपच्या कंदात विक्रीच्या वेळीच फुलाचा गर्भ तयार असतो, पण त्याचा दांडा लांबण्यासाठी कंदाला 12 ते 16 आठवडे सलग थंडी लागते, आणि ती थंडी साधारण 2 ते 9 अंश सेल्सिअसची असावी लागते. पणजीत जानेवारीच्या पहाटेही पारा 20 अंशांच्या आसपास असतो. श्रीनगरला झबरवान डोंगराच्या पायथ्याशी 2007 साली सुरू झालेल्या ट्युलिप उद्यानात मार्चअखेरीस आणि एप्रिलमध्ये जो बहर येतो, त्यामागे काश्मीरचा अख्खा हिवाळा उभा असतो. तो हिवाळा आपल्या परसात आणता येत नाही. फ्रिजमध्ये तीन-चार महिने ठेवून थंडी देता येते हे खरे. पण तिथे पिकलेली फळे शेजारी असली, तर त्यांतून निघणाऱ्या इथिलीन वायूने आतली कळी मरते, आणि सगळे जमून आले तरी ते फूल चार दिवसांचे, कंद पुढच्या वर्षी टाकूनच द्यायचा. हायसिंथ, क्रोकस आणि मोठ्या फुलांचे डॅफोडिल यांचीही गत तीच आहे. फ्रीशिया, अ‍ॅनिमोन आणि रॅनन्क्युलस यांना तेवढी कडक थंडी लागत नसली, तरी थंडगार रात्री लागतातच. म्हणून गोव्यात ही सर्व नावे यादीतून आधीच काढून टाकावीत, हा माझा स्पष्ट सल्ला आहे.

कंद कोणत्या झोपेत आहे हे आधी पाहावे

कंद म्हणजे झाडाने वाईट दिवसांसाठी केलेली साठवण. ते वाईट दिवस कोणते, हे त्या झाडाच्या मूळ मुलखावर अवलंबून असते. काही झाडे बर्फ टाळण्यासाठी झोपतात, काही कोरडा उन्हाळा टाळण्यासाठी, तर काही कोरडा हिवाळा. कंद विकत घेण्यापूर्वी फुलाचे चित्र बाजूला ठेवून हा एक प्रश्न विचारला, तर निम्म्याहून अधिक चुका टळतात.

ऑक्टोबरमध्ये आपल्याला दोन प्रकारचे कंद चालतात. पहिल्या प्रकारात झोप पूर्ण करून साठवणीतून बाहेर आलेले आणि पाणी मिळताच उठायला तयार असलेले कंद येतात : ग्लॅडिओलस, बाजारात अमरिलिस या नावाने मिळणारी मोठ्या फुलांची लिली, निशिगंध आणि डेलिया. दुसऱ्या प्रकारात जवळजवळ कधीच न झोपणारी, बारमाही हिरवी राहणारी झाडे येतात : स्पायडर लिली, क्रायनम, कर्दळ. ती कधीही लावली तरी चालतात, पण पावसानंतर लावल्यास कुजण्याचे प्रमाण कमी राहते.

तिसरा एक गट आहे, आणि इथेच गोव्यातल्या माणसांची गफलत होते, कारण ही झाडे आपल्याच मातीतली किंवा आपल्याकडे रुळलेली आहेत. कळलावी, भुईचंपा, फुटबॉल लिली आणि कॅलेडियम ही सगळी पावसाळ्यात फोफावतात आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून पाने टाकून झोपी जायला लागतात. गणपतीच्या वर टांगतात त्या माटोळीला बांधलेली कळलावीची लाल-पिवळी फुले पाहून तिचा कंद लगेच लावावासा वाटतो. पण त्या वेळी लावलेला कंद मे महिन्यापर्यंत नुसता मातीत पडून राहतो आणि तोवर वाळवी किंवा आपलेच पाणी त्याला संपवते. हे कंद मार्च ते मे या काळात लावावेत. आता एवढेच करावे, की शेजाऱ्याकडे ज्या जागी ते फुलले होते तिथे एक काठी रोवून ठेवावी. पाने गेल्यावर जागा सापडत नाही. सोनटक्का मात्र या गटात धरू नये. तो ओलाव्याच्या जागी वर्षभर हिरवा राहतो आणि फुले ओसरल्यावर त्याचे गड्डे विभागून लावता येतात. कुळागरातल्या, म्हणजे नारळी-पोफळीच्या बागेतल्या, पाटाच्या कडेला त्याच्याइतका समाधानी दुसरा कोणी नसतो.

हातात घेऊन पारखणे

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात रोपे घेऊन बसणाऱ्या एका आजींनी मला कंद पारखायला शिकवले. त्यांनी माझ्या दोन्ही तळहातांवर लिलीचा एकेक कंद ठेवला आणि विचारले, "बाई, जड कुठला?" दिसायला दोन्ही सारखेच होते, उलट हलका होता तो जरा मोठाच वाटत होता. त्यांनी हलक्या कंदाच्या मानेजवळचे वाळके पापुद्रे बोटांनी बाजूला केले, तेव्हा आत पिठ्या ढेकणांची पांढरी बुरशीसारखी रांग दिसली. तेव्हापासून मी आधी वजन बघते आणि मग रूप.

लिली, निशिगंध यांचे कंद कांद्यासारखे, एकावर एक पापुद्र्यांचे असतात. असा कंद अंगठ्याने दाबून पाहावा. तो बटाट्यासारखा टणक लागला पाहिजे. मानेपाशी मऊ लागणारा कंद घेऊ नये. मग तो उलटा करावा. तळाशी मुळे फुटण्याची जी गोल टणक चकती असते, तीच कंदाचा जीव. ती कोरडी, अखंड आणि भक्कम हवी. वरचा एखादा पापुद्रा फाटलेला असला किंवा थोडा काळसर असला तरी बिघडत नाही, पण तळाची चकती ओली, काळी किंवा कुरतडलेली असेल तर कितीही स्वस्त मिळाला तरी तो कंद परत ठेवावा. लिलीच्या कंदावर उठून दिसणारे लाल चट्टे असतील तर तो बुरशीजन्य रोग असू शकतो आणि तो बागेतल्या इतर लिलींना लागतो.

ग्लॅडिओलसचा कंद निराळा. तो चिरला तर आत पापुद्रे नसतात, सुरणासारखा भरीव गर असतो. इथे बहुतेक लोक आकाराने फसतात. रुंद पण चपटा, वडीसारखा कंद मोठा दिसतो, पण तो म्हातारा असतो आणि त्याच्या तळाशी जुन्या मुळांचा मोठा खोलगट व्रण असतो. मध्यभागी उंच, लाडवासारखा फुगीर आणि तळाचा व्रण लहान असलेला कंद तरुण असतो, आणि त्याचा दांडा अधिक चांगला येतो. व्यास 4 ते 5 सेंटीमीटर असावा. त्याहून लहान कंद पाने देतील, फुलांची खात्री नाही.

डेलियाचे कंद रताळ्यांच्या घोसासारखे दिसतात, पण रताळ्याचा न्याय त्यांना लावू नये. रताळ्याचा तुकडा कुठूनही फुटतो. डेलियाचा डोळा मात्र फक्त जुन्या खोडाला जिथे कंद जोडलेला असतो त्या मानेवरच असतो. मान तुटलेला कंद कितीही रसरशीत असला तरी त्याला कधीच कोंब येणार नाही. पिशवीत सुटे कंद मिळत असतील तर प्रत्येकाला खोडाचा तुकडा चिकटलेला आहे ना, हे पाहूनच घ्यावेत. कर्दळीचा गड्डा आल्यासारखा असतो. त्यावर दोन-तीन जाड डोळे असले म्हणजे पुरे.

ऑनलाइन मागवायचे असेल तर विक्रेत्याला दोन गोष्टी विचाराव्यात : कंदाचे माप काय, आणि तो कोणत्या महिन्यात उकरून काढलेला आहे. अमरिलिसच्या कंदाचे माप व्यासात नव्हे तर घेरात सांगतात, हे लक्षात ठेवावे. 20 ते 22 सेंटीमीटर घेराचा कंद सहसा एक दांडा देतो, 26 किंवा त्याहून मोठा असेल तर दोन दांडे येण्याची शक्यता बरीच असते. घरी आल्यावर सुतळी गुंडाळून मोजून पाहावे. पार्सल आले की त्याच दिवशी उघडावे, प्लॅस्टिकच्या पिशवीत घाम सुटलेले कंद सावलीत वर्तमानपत्रावर दोन दिवस पसरावेत.

आपली माती

गोव्याची बरीचशी जमीन जांभ्याची. लाल, खडेदार, आम्लधर्मी, आणि कित्येक ठिकाणी हातभर खणले की खाली चिरा, म्हणजे जांभा दगडच लागतो. उतारावर अशा जमिनीतून पाणी झरझर निघून जाते, पण चिऱ्याच्या खोलगट भागात तेच पाणी तसेच तुंबून राहते. म्हणून कंद लावण्यापूर्वी एक परीक्षा करावी. वीतभर रुंद आणि दीड वीत खोल खड्डा खणून त्यात बादलीभर पाणी ओतावे. तासाभरात पाणी जिरले तर जागा उत्तम. दुसऱ्या दिवशी सकाळीही तळाशी पाणी दिसले तर त्या जागी कर्दळ आणि सोनटक्का वगळता दुसरे काही लावू नये, किंवा चिऱ्यांची एक थर कड रचून वीतभर उंचीचा गादीवाफा करावा.

चौरस मीटरभर वाफ्याला दोन घमेली पूर्ण कुजलेले शेणखत आणि माती चिकट असल्यास एक घमेले नदीची वाळू मिसळावी. "पूर्ण कुजलेले" हा शब्द मी मुद्दाम वापरते. ताज्या शेणाची उष्णता आणि त्यातले किडे कंदाला सोसत नाहीत, आणि माझ्या पाहण्यात पावसानंतर लावलेले सर्वाधिक कंद याच कारणाने गेले आहेत. आपल्या आम्ल मातीत मूठ-दोन मुठी डोलोमाइट (चुनखडीसारख्या दगडाची भुकटी) घातल्यास फायदा होतो, पण चुना किंवा डोलोमाइट शेणखताबरोबर एकदम घालू नये, कारण त्यामुळे खतातला नत्र उडून जातो. दोहोंत पंधरा दिवसांचे अंतर ठेवावे. वाळवीचा त्रास असेल तिथे खड्ड्यात मूठभर निंबोळी पेंड घालावी.

सासष्टी-बारदेशच्या किनारपट्टीवरील वाळूची जमीन वेगळी. तिथे निचऱ्याची चिंता नाही, पण पाणी आणि खत दोन्ही टिकत नाहीत, शिवाय वारा खारा असतो. अशा घरांसाठी माझी पहिली पसंती स्पायडर लिली आणि क्रायनम यांना आहे, कारण ही दोन्ही मुळात समुद्रकाठची झाडे आहेत. क्रायनमच्या कंदाला पुरुषभर जागा सोडावी. लावताना तो कांद्याएवढा असला तरी पुढे त्याचा विस्तार मीटरभराचा होतो.

काय निवडावे

पहिल्यांदाच लावणार असाल तर ग्लॅडिओलसपासून सुरुवात करावी, असे मला वाटते. चूक झाली तर ती लवकर कळते आणि यश मिळाले तर तेही लवकर मिळते. जातीनुसार लावल्यापासून साधारण 70 ते 90 दिवसांत दांडे येतात, म्हणून तारीख ठरवून लावता येतो. नाताळला शेजाऱ्यांच्या येशूजन्माच्या गोठ्यापुढे ठेवायला दांडे हवे असतील तर ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात लागवड करावी लागते. त्या वेळी परतीच्या पावसाची सर येऊ शकते, म्हणून हे कंद पडवीच्या कडेला, पत्र्याच्या किंवा कौलांच्या आडोशाने, कुंडीत सुरू करावेत. उरलेले कंद दर पंधरा दिवसांनी थोडे थोडे लावत गेल्यास फेब्रुवारीअखेरपर्यंत घरात फुले राहतात. बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेने आपल्या देशातल्या हवेसाठी काढलेल्या आरती, पूनम, शोभा यांसारख्या जाती मिळाल्या तर त्या घ्याव्यात. दिवसाला सहा तास ऊन मिळत नसेल तर मात्र या फुलाचा नाद सोडावा; नारळाच्या सावलीत दांडे वाकडे आणि किडकिडीत येतात.

निशिगंधाचा खरा लागवडीचा काळ एप्रिल-मे, पण आपल्या सौम्य हिवाळ्यामुळे तो ऑक्टोबरमध्येही लावता येतो. फक्त वाढ सावकाश होते आणि फुलांसाठी चार महिने धीर धरावा लागतो. एकेरी की दुहेरी, हा प्रश्न नेहमी विचारला जातो. दुहेरी फुले फुलदाणीत भरगच्च दिसतात, पण वास एकेरीचाच खरा, आणि देवाच्या हारासाठीही एकेरीच सोयीची. एकेरीत प्रज्वल आणि शृंगार, दुहेरीत सुवासिनी आणि वैभव या जाती प्रसिद्ध आहेत. कंद 2 ते 3 सेंटीमीटर व्यासाचा, टोकदार आणि भरीव असावा. इथे एक गोष्ट समजून घेतली पाहिजे : निशिगंधाचा कंद आयुष्यात एकदाच फुलतो. त्याच्या कुशीत आलेली पिल्ले पुढे फुलतात. म्हणून कोणी जुना, मधोमध वाळक्या दांड्याचा खुंट असलेला मोठा कंद देऊ केला, तर त्या खुंटाकडे न पाहता बाजूच्या पिल्लांकडे पाहावे. निशिगंधाला सूत्रकृमींचा, म्हणजे मुळांत शिरणाऱ्या सूक्ष्म कृमींचा, त्रास होतो. वाफ्याच्या कडेने झेंडू लावला की तो बराच आटोक्यात राहतो.

अमरिलिस लिली ज्यांच्याकडे फक्त बाल्कनी किंवा पायऱ्या आहेत त्यांच्यासाठी. पणजी-मडगावच्या फ्लॅटमध्ये तिच्यासारखे दुसरे फूल नाही. कुंडी कंदापेक्षा दोन-तीन बोटेच मोठी घ्यावी. मोठ्या कुंडीत माती ओली राहते आणि कंद कुजतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये लावलेला आयात कंद दीड-दोन महिन्यांत फुलतो. दुसऱ्या वर्षापासून तो आपल्या हवेची लय पकडतो आणि जुन्या घरांच्या अंगणातल्या केशरी लिलीसारखा उन्हाळ्याच्या तोंडाला फुलतो. हे बिघडणे नव्हे. ती केशरी लिली, जिचे नाव कोणाला ठाऊक नसते आणि जी प्रत्येकाच्या आजीने कोणाकडून तरी आणलेली असते, ती मिळाली तर आयात कंदाआधी तीच लावावी. तिच्याइतकी चिवट लिली मी दुसरी पाहिलेली नाही.

रेन लिली पायवाटेच्या कडेला. पांढरी आणि गुलाबी या दोन्ही रंगांचे बोराएवढे कंद एकेकटे न लावता वीस-पंचवीस एकत्र लावावेत. आता लावलेल्या कंदांची मुळे उन्हाळ्यापर्यंत बसतात आणि वळवाच्या पहिल्या सरीनंतर चार-सहा दिवसांत सगळी कड एकदम फुलते.

डेलिया थंडीचा हंगामी पाहुणा. त्याला सकाळचे ऊन, भरपूर खत आणि आधाराची काठी लागते. रोप वीतभर झाले की शेंडा खुडावा, म्हणजे फांद्या फुटतात. मार्चचा उकाडा सुरू झाला की तो दमतो. कर्दळीबद्दल फार सांगण्यासारखे नाही. सांडपाण्याच्या कडेलाही ती फुलते.

थंड मुलखातल्या कंदाशिवाय राहवतच नसेल आणि नर्गिस कुळातलेच काही हवे असेल, तर पेपरव्हाइट हा एक मार्ग आहे. त्याला थंडीची झोप लागत नाही. डिसेंबरच्या थंड पहाटा सुरू झाल्यावर खोलगट बशीत खडे भरून, पाणी फक्त कंदाच्या तळाला टेकेल एवढेच ठेवून, तो घरात लावता येतो.

लागवड

कंद आदल्या दिवशी साफ करावेत. सुटलेले वाळके पापुद्रे काढावेत, पण घट्ट बसलेले सोलू नयेत. ज्या कंदांवर बुरशीचा संशय असेल ते कार्बेन्डाझिम या बुरशीनाशकाच्या लिटरला दोन ग्रॅम द्रावणात अर्धा तास बुडवून सावलीत सुकवावेत, हातमोजे घालून. रसायन नको असेल तर लावताना खड्ड्यात ट्रायकोडर्मा (रोगट बुरशीला रोखणारी उपयोगी बुरशी) मिसळलेले शेणखत घालावे. दोन्ही एकदम करू नये, कारण बुरशीनाशक ट्रायकोडर्मालाही मारते.

खोलीचा ठोकळ नियम "कंदाच्या उंचीच्या दुप्पट ते तिप्पट" असा सांगितला जातो, तो थंड देशांतला आहे आणि आपल्या दमट मातीत तो सगळीकडे चालत नाही. ग्लॅडिओलस 8 ते 10 सेंटीमीटर खोल लावावा, वाळूत थोडा आणखी. दोन कंदांत वीतभर अंतर. निशिगंध 4 ते 5 सेंटीमीटर खोल, 20 ते 25 सेंटीमीटर अंतरावर. डेलिया 8 ते 10 सेंटीमीटर खोल, आडवा ठेवून, डोळा वर. कर्दळीचा गड्डाही आडवाच, चार बोटे मातीखाली. रेन लिलीची मान जमिनीबरोबर. स्पायडर लिली आणि क्रायनम यांची मान जमिनीच्या वर दिसली पाहिजे. अमरिलिसचा तर वरचा अर्धा भाग उघडाच ठेवावा. तो उघडा पाहून कोणीतरी मायेने माती ओढते, आणि महिन्याभरात मान कुजते.

लावल्यावर एकदा भरपूर पाणी द्यावे आणि मग कोंब दिसेपर्यंत हात आवरावा. मुळे नसलेला कंद पाणी पिऊ शकत नाही, तो नुसता भिजतो. मातीत बोटाचे दुसरे पेर बुडवून पाहावे. तिथे ओल लागत असेल तर पाणी नको. कोंब चार बोटे वर आले की एक दिवसाआड, आणि कळीचा दांडा निघाल्यावर ग्लॅडिओलस व निशिगंधाला नियमित पाणी द्यावे. जमिनीवर सुपारीच्या झावळांचे तुकडे किंवा भाताचा पेंढा अंथरावा, मात्र तो कंदाच्या मानेपासून दूर असावा.

सत्तरी, सांगे, काणकोण या भागांत राहणाऱ्यांना साळिंदराचा आणि रानडुकराचा बंदोबस्त करावा लागतो. वाफ्यावर कोंबडीच्या खुराड्याची जाळी आडवी पसरून चिऱ्यांनी दाबली की कोंब तिच्यातून वर येतात आणि उकरणाऱ्याला तोंड घालता येत नाही. गावात आणि शहरात उंदीर-घुशींसाठी हीच युक्ती कुंडीच्या तोंडाशी वापरावी. ग्लॅडिओलसच्या पानांवर चंदेरी रेघा दिसल्या तर ते फुलकिडे असतात. लिटरला पाच मिलिलिटर निंबोळी तेल साबणाच्या पाण्यात मिसळून संध्याकाळी फवारावे. लिली कुळातल्या सगळ्या झाडांवर काळ्या, पांढऱ्या-पिवळ्या ठिपक्यांच्या अळ्या येतात. त्या एका रात्रीत पान पोखरून मानेतून कंदात शिरतात, म्हणून फवारणीची वाट न पाहता हाताने वेचून काढाव्यात.

घरात लहान मुले, गाईगुरे किंवा कुत्री असतील त्यांनी हे जरूर लक्षात ठेवावे की लिली, स्पायडर लिली, क्रायनम आणि रेन लिली यांचे कंद विषारी असतात, आणि कळलावीचा कंद तर जीवघेणा असतो. कंद स्वयंपाकघरात, कांद्या-बटाट्यांच्या टोपलीजवळ, कधीही ठेवू नयेत. पिशवीवर मोठ्या अक्षरांत नाव लिहावे आणि ती कोठीबाहेर टांगावी.

फुले गेल्यावर

फुलांचा दांडा कापताना पाने राखावीत. पुढच्या वर्षीचा कंद त्या पानांवरच पोसला जातो, म्हणून ती आपोआप पिवळी पडेपर्यंत पाणी आणि अधूनमधून मूठभर राख द्यावी. अमरिलिस, रेन लिली, स्पायडर लिली आणि कर्दळ जागच्या जागी राहू द्यावीत. निशिगंधही उंच वाफ्यात पावसाळा काढतो. ग्लॅडिओलस आणि डेलिया मात्र मृगाच्या आधी उकरलेच पाहिजेत. आपल्या पावसात ते जमिनीत टिकत नाहीत.

ग्लॅडिओलस फुलल्यानंतर सहा ते आठ आठवड्यांनी, पाने पिवळी पडू लागल्यावर काढावा. खाली सुकलेला जुना कंद, त्याच्यावर नवा भरलेला कंद आणि भोवती मण्यांसारखी बारीक पिल्ले अशी रचना दिसेल. जुना कंद हाताने पिळला की सुटतो; तो टाकून द्यावा, पिल्ले दोन वर्षे वेगळी वाढवावीत आणि नवा कंद आठवडाभर सावलीत सुकवावा. जाळीच्या पिशवीत टांगून ठेवण्याची रीत घाटावर चालते. आपल्याकडे आषाढाच्या दमट हवेत त्यांवर निळसर बुरशी चढते. म्हणून ते कोरड्या लाकडाच्या भुशात, कागदी पिशवीत घालून, जात आणि महिना लिहून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात, फळांपासून दूर ठेवावेत. त्या गारव्याने त्यांची झोपही पुरी होते. अनंत चतुर्दशी झाली की पिशवी बाहेर काढून कंद हवेशीर सावलीत पसरावेत, आणि वरच्या टोकाशी ज्वारीच्या दाण्याएवढा पांढरा कोंब दिसू लागला की वाफा तयार करायला घ्यावा.